ग्लेन हेवनचा अर्धा मैल: मिशिगनचा एम-२०९ कुठे गेला?

प्रश्न: "मिशिगनमध्ये लीलनॉ काउंटीत फिरायला गेलो होतो. बरोबर जुना छापील नकाशा होता. त्यात ग्लेन हेवन नावाच्या लहानशा गावापर्यंत एम-२०९ असा राज्य महामार्ग दाखवला आहे. तिथे गेल्यावर त्या क्रमांकाची पाटी कुठेच दिसली नाही, रस्ता मात्र आहे आणि चांगला डांबरी आहे. अर्ध्या मैलाचा रस्ता राज्य महामार्ग कसा झाला? मग काढला का? आणि तो कधी रद्द झाला ते कुणी १९९५ सांगतं, कुणी १९९६. खरं साल कुठलं?"

उत्तर:

तुमचा नकाशा बरोबर आहे आणि तुम्ही जे पाहिलंत तेही बरोबर आहे. एम-२०९ होता. १९३० च्या आगेमागे त्याला क्रमांक मिळाला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर तो काढून घेतला. लांबी जेमतेम अर्धा मैल, म्हणजे साडेआठशे मीटरच्या आसपास. रद्द होईपर्यंत मिशिगनमधला सर्वांत आखूड राज्य महामार्ग म्हणून तो ओळखला जायचा. हा मान आता शेबॉयगन काउंटीतल्या एम-२१२ कडे आहे. अलोहा स्टेट पार्कच्या दारापर्यंत जाणारा तो रस्ता पाऊण मैलाला किंचित कमी भरतो.

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये तीसेक वर्षं मी हेच काम केलं: कुठला रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, तो त्यांच्याकडे कुठल्या कागदाने आला, आणि त्याची हद्द कुठल्या खुंटापासून कुठल्या मोरीपर्यंत आहे. मोठ्या महामार्गांवर पुस्तकं निघतात, त्यांचे वर्धापनदिन होतात. अशा अर्ध्या-पाऊण मैलाच्या रस्त्यांची विचारपूस कुणी करत नाही. तुम्ही केलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. रस्त्यांच्या शौकीन मंडळींमध्ये "डीकमिशन झाला" असं म्हणायची पद्धत आहे. ऐकणाऱ्याला वाटतं रस्ता मोडीत काढला. आमच्या दप्तरात ह्यासाठी "ज्युरिस्डिक्शन ट्रान्सफर" म्हणजे ताबा बदलणे असा शब्द आहे, मिनेसोटात त्यालाच "टर्नबॅक" म्हणतात. रस्ता जागेवरच राहतो, गाड्या धावत राहतात, फक्त त्याची जबाबदारी राज्याकडून काउंटीकडे जाते. (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी पातळी, पण बरीच लहान. मिशिगनमध्ये अशा ८३ आहेत.) रस्ता कायमचा सोडून देणं, म्हणजे सार्वजनिक वाट म्हणून त्याचा हक्कच संपवणं, ही वेगळी गोष्ट. त्याला "अबँडनमेंट" म्हणतात आणि त्याची कायदेशीर वाटही वेगळी आहे. एम-२०९ च्या बाबतीत ताबा बदलला, रस्ता सोडलेला नाही. म्हणूनच तुम्हाला तो चांगला डांबरी दिसला.

आता मुख्य प्रश्न. आखूड राज्य महामार्ग समोर आला की मी पहिल्यांदा त्याचं शेवटचं टोक बघतो. लांब रस्ता अनेक गावांसाठी असतो, त्याचा इतिहास गुंतागुंतीचा होतो. अर्ध्या मैलाचा रस्ता एकाच गोष्टीसाठी असतो आणि ती गोष्ट त्याच्या टोकाला उभी असते, किंवा कधीकाळी उभी होती. एम-२०९ च्या टोकाला ग्लेन हेवन आहे आणि त्यापुढे लेक मिशिगनचं पाणी.

ग्लेन हेवनचा जन्म जहाजांमुळे झाला. किनाऱ्यासमोर उत्तर आणि दक्षिण मॅनिटू ही दोन बेटं आहेत. बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या पट्ट्याला मॅनिटू पॅसेज म्हणतात. शिकागोकडून मॅकिनॉच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जहाजं ह्या पट्ट्यातून जायची. एकोणिसाव्या शतकातल्या आगबोटींना सरपण लागायचं, तेही ढिगांनी, आणि मागे गर्द जंगल होतं. १८५० च्या दशकाच्या अखेरीस इथे धक्का झाला, खलाशांसाठी आणि लाकूडतोड्यांसाठी खाणावळवजा मुक्कामाची जागा झाली. जंगलातून तोडलेलं लाकूड लिटल ग्लेन लेकच्या काठी सॉमिलवर कापलं जायचं आणि तिथून अरुंद रुळांवरून धक्क्यावर यायचं. म्हणजे गावाचं तोंड पाण्याकडे होतं. जमिनीवरून येणारी वाट ही मागची, परसदारची वाट. हे लक्षात ठेवा, कारण एम-२०९ म्हणजे ही परसदारची वाट.

१८७८ साली एका जहाज कंपनीचा एजंट म्हणून डेव्हिड हेन्री डे नावाचा तरुण इथे आला. पुढची पन्नास वर्षं हे गाव म्हणजे जवळजवळ त्याचाच कारभार होता. धक्का, लाकूड, दुकान, शेती, फळबागा, सगळं. आगबोटी कोळशावर गेल्या, जंगल संपत आलं, तसा तो चेरीकडे वळला. १९२० च्या दशकात गावात फळं डबाबंद करण्याचा कारखाना चालायचा, त्याची इमारत आजही पाण्याकाठी उभी आहे आणि आत जुन्या बोटी ठेवल्या आहेत. राज्य उद्यानं उभी करण्यासाठी मिशिगनने आयोग नेमला त्याचा डे अध्यक्ष होता, आणि स्वतःच्या जमिनीचा एक तुकडा त्याने उद्यानासाठी देऊन टाकला. ते डी. एच. डे स्टेट पार्क. आता तिथे त्याच नावाचं कॅम्पग्राउंड आहे, तुम्ही त्याच्यावरूनच गेला असणार. डे १९२८ मध्ये वारला.

तिसरी गोष्ट किनाऱ्यावरची. स्लीपिंग बेअर पॉइंटवर बुडत्या जहाजांवरच्या माणसांना वाचवण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जीवरक्षक ठाणं होतं. १९१५ मध्ये ही जीवरक्षक सेवा कोस्ट गार्डमध्ये विलीन झाली. पुढे वाळूची टेकडी सरकत सरकत ठाण्याच्या अंगावर येऊ लागली, म्हणून १९३१ मध्ये ते अख्खं ठाणं उचलून ग्लेन हेवनच्या बाजूला आणलं. १९४४ मध्ये ते बंद झालं, आता तिथे संग्रहालय आहे.

एका धक्क्याचं गाव, फळांचा कारखाना, राज्य उद्यान आणि कोस्ट गार्डचं ठाणं, एवढं सगळं अर्ध्या मैलाच्या टोकाला आणि आसपास असताना तो रस्ता राज्याने घेतला, यात मला काहीच नवल वाटत नाही. उलट त्या काळाच्या हिशेबाने ते सरळ होतं. तो हिशेब कसा होता ते थोडक्यात सांगतो.

मिशिगनचं राज्य महामार्ग खातं १९०५ चं. सुरुवातीला ते स्वतः रस्ते बांधत नसे, ठरावीक दर्जाचा रस्ता बांधणाऱ्या टाउनशिपला (काउंटीच्या आतली सर्वांत खालची स्थानिक पातळी) आणि काउंटीला बक्षीस म्हणून पैसे देई. १९१३ च्या कायद्याने पहिल्यांदा राज्याच्या मुख्य रस्त्यांचं जाळं आखलं, सुमारे ३,००० मैलांचं. १९१६ मध्ये केंद्र सरकारने रस्त्यांसाठी राज्यांना पैसे द्यायचा कायदा केला, त्यात अट अशी की राज्याचं स्वतःचं महामार्ग खातं हवं. १९१८ मध्ये शेजारच्या विस्कॉन्सिनने रस्त्यांना क्रमांक देऊन पाट्या लावल्या, देशात पहिल्यांदा. १९१९ मध्ये मिशिगनने तेच केलं, तेव्हापासून एम हे अक्षर आणि पत्त्यांतल्या चौकटसारखा पांढरा आकार चालत आला आहे. तुम्ही ज्या एम-२२ वरून आलात तो ह्या पहिल्या खेपेतला.

आधी मोठ्या गावांना जोडणारे रस्ते आले. १९२५ मध्ये राज्याने पेट्रोलवर कर बसवला, पैसा येऊ लागला, मग राज्याची नजर फांद्यांकडे वळली. बंदर, उद्यान, सरकारी संस्था, आडबाजूचं गाव यांना मुख्य रस्त्याशी जोडणारे आखूड तुकडे राज्याच्या यादीत येऊ लागले आणि त्यातल्या बऱ्याच जणांना २०० च्या पुढचे क्रमांक मिळाले. लीलनॉमध्येच बघा, नॉर्थपोर्टकडे जाणारा एम-२०१, लेक लीलनॉवरून लीलंड आणि सटन्स बे यांना जोडणारा एम-२०४, आणि आपला एम-२०९. पहिले दोन अजून राज्याकडे आहेत.

गावाच्या दृष्टीने क्रमांक मिळणं ही फार मोठी गोष्ट होती. तोपर्यंत खेड्यातला रस्ता टाउनशिपच्या गळ्यात असायचा आणि टाउनशिप म्हणजे मूठभर शेतकरी. मंदी आली तेव्हा ह्या लोकांना मालमत्ता कर भरणं जमेना. १९३१ मध्ये मिशिगनने कायदा करून टाउनशिपचे सगळे रस्ते काउंटीकडे द्यायचं ठरवलं, १९३२ पासून दर वर्षी एक पंचमांश, असं पाच वर्षांत. ज्या रस्त्याला आधीच राज्याचा क्रमांक होता त्याला ही सगळी ओढाताण लागली नाही. त्याची खडी, त्याचं डांबर, हिवाळ्यात त्यावरचं बर्फ, सगळं राज्याच्या खर्चात.

पण गंमत वेळेची आहे, आणि हेच मला एम-२०९ मध्ये सर्वांत जिवाला चटका लावणारं वाटतं. क्रमांक आला तो नेमका धक्क्याची सद्दी संपत असताना. गाव उभं केलेला माणूस नुकताच गेला होता. जहाजं थांबेनाशी झाली होती. जी परसदारची वाट होती ती आता पुढच्या दाराची झाली. फळं ट्रकने बाहेर जायची आणि माणसं मोटारीने आत यायची. १९३५ पासून गावातून खास गाड्यांमधून वाळूच्या टेकड्यांवर फेरी मारून आणायचा धंदा सुरू झाला, तो १९७८ पर्यंत चालला. त्या फेऱ्यांसाठी आलेल्या कुटुंबांना एम-२०९ ची पाटी म्हणजे "पोहोचलो" अशी खूण असणार.

मग १९४४ मध्ये कोस्ट गार्डचं ठाणं बंद. २१ ऑक्टोबर १९७० ला स्लीपिंग बेअर डून्स नॅशनल लेकशोरचा, म्हणजे केंद्र सरकारने राखलेल्या सरोवरकाठाचा, कायदा झाला. त्यासाठी सिनेटर फिलिप हार्ट यांनी अनेक वर्षं खपून पाठपुरावा केला होता, एम्पायर गावातल्या माहिती केंद्राला त्यांचं नाव आहे ते त्यामुळे. राज्य उद्यान ह्या राष्ट्रीय लेकशोरमध्ये सामावलं गेलं. गावातल्या जागा एकेक करून केंद्र सरकारने घेतल्या. दुकान, लोहारशाळा, कारखाना, सगळं जतन केलेलं, नीट रंगवलेलं, पण राहणारं असं कुणी नाही. म्हणजे ज्या ज्या कारणासाठी रस्ता राज्याने घेतला होता ते प्रत्येक कारण १९८० पर्यंत संपलेलं होतं. तरी क्रमांक आणखी पंधरा वर्षं टिकला.

का टिकला? कारण अर्ध्या मैलासाठी फाइल उघडायला कुणाला सवड नसते. कुठल्याही महामार्ग खात्यात आखूड रस्ता एकटा कधी निघत नाही. कधी मोठं डांबरीकरण करायची वेळ येते, कधी शेजारचा चौक सुधारायचा असतो, कधी काउंटीशी दुसऱ्याच रस्त्याची अदलाबदल चाललेली असते, तेव्हा यादी करताना कुणाच्या तरी नजरेला हा तुकडा पडतो. मी स्वतः अशा याद्या केल्या आहेत. निकष साधे असतात. हा रस्ता दोन राज्य मार्गांना जोडतो का? नाही. ह्यावरून लांबची वाहतूक जाते का? नाही. टोकाला राज्याची स्वतःची काही संस्था आहे का? आता नाही. तीन वेळा "नाही" आलं की पुढचं पाऊल म्हणजे काउंटीच्या रोड कमिशनला, म्हणजे तिचे रस्ते सांभाळणाऱ्या मंडळाला, फोन.

मिशिगनमध्ये ह्या देवघेवीचा कायदा १९६९ चा आहे. राज्य आणि स्थानिक संस्था यांनी आपसांत करार करून ताबा बदलायचा, असा त्याचा गाभा. पैशाची बाजू १९५१ च्या ५१ क्रमांकाच्या कायद्यात आहे. पेट्रोलवरचा कर आणि गाड्यांच्या नोंदणीचे पैसे एका राज्यनिधीत जमा होतात. त्यातून काही रकमा वजा झाल्यावर उरलेल्याचे वाटे ठरलेले: ३९.१ टक्के राज्याला, ३९.१ टक्के काउंट्यांना, २१.८ टक्के शहरांना आणि गावांना. काउंटीच्या वाट्याच्या सूत्रात तिच्या रस्त्यांचे मैल मोजले जातात, म्हणून रस्ता काउंटीकडे गेला की त्याचे मैलही तिच्या खात्यावर चढतात. अर्ध्या मैलाने त्यात काही भर पडत नाही, हे उघड आहे. काउंटी असा रस्ता घेते तेव्हा बहुधा बदल्यात दुसरं काही मिळत असतं, किंवा रस्ता आधी नीट करून दिलेला असतो.

आणि हिवाळा. उत्तर मिशिगनच्या रस्त्याचा खर्च म्हणजे बर्फ. लेक मिशिगनवरून येणारा वारा लीलनॉवर भरपूर बर्फ टाकतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, राज्याच्या रस्त्यावर बर्फ सारणारा राज्याचा नांगर फिरत असेल. पण मिशिगनच्या बहुतेक ग्रामीण काउंट्यांत राज्य महामार्गांची देखभालसुद्धा काउंटीचं रोड कमिशनच करतं, राज्याशी कंत्राट करून. म्हणजे ताबा बदलण्याआधी आणि नंतर त्या अर्ध्या मैलावर बर्फ सारायला येणारा ट्रक तोच, ड्रायव्हर तोच, वेळही तीच. फरक एवढाच की पूर्वी त्या तासाचं बिल राज्याला लागायचं, आता लागत नाही. मी कित्येक नव्या इंजिनिअरना हे समजावून सांगितलं आहे, कारण कागदावर बघून त्यांना वाटायचं की क्रमांक काढला म्हणजे गाव वाऱ्यावर सोडलं.

वापरणाऱ्याला जाणवतील असे बदल थोडे, पण आहेत. मिशिगनमध्ये वसंतात गोठलेली जमीन वितळताना जड गाड्यांवर बंधनं येतात. बंधन लागू असलेल्या रस्त्यावर परवानगीचं वजन काँक्रीटवर २५ टक्क्यांनी आणि डांबरी किंवा खडीच्या रस्त्यावर ३५ टक्क्यांनी कमी होतं. राज्याचे बरेच महामार्ग बाराही महिने पूर्ण वजन घेतील असे बांधलेले असतात, काउंटीचे बरेच रस्ते तसे नसतात. टोकाला चालू कारखाना असेल तर ताबा बदलणं म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या ट्रकना अर्धवट भरून जावं लागणं. ग्लेन हेवनचा कारखाना केव्हाच बंद झाला होता, त्यामुळे तिथे हा प्रश्न आलाच नाही. इतर ठिकाणी ह्याच मुद्द्यावर करार महिनोन्‌महिने अडलेले मी पाहिले आहेत.

काळजी कुठे घ्यावी लागते, त्याचा एक अनुभव सांगतो. काउंटीचं नाव घेत नाही. मैलभराचा रस्ता होता, करार झाला, सह्या झाल्या, पाट्या उतरल्या. दुसऱ्या वसंतात पाऊस आणि वितळतं बर्फ एकदम आलं आणि रस्त्याखालची जुनी पत्र्याची मोरी बसली. वरचं डांबर पानासारखं खाली लोंबत होतं. राज्य म्हणे काउंटीची, काउंटी म्हणे राज्याची. फाइल काढली तर कराराच्या नकाशावर रस्त्याची रंगवलेली रेघ बरोबर मोरीच्या मध्यावर संपली होती. रेखाटणाऱ्याने चौकापासून गोल आकड्यात अंतर मोजलं होतं, खाली काय आहे ते बघितलं नव्हतं. सात आठवडे शाळेची बस चार मैलांचा वळसा घालून जात होती. त्यानंतर मी एकही ताबा जागेवर न जाता, प्रत्येक मोरीत वाकून न बघता पुढे पाठवला नाही. मोरीचं वरचं तोंड नेहमी बरं दिसतं. गंज तळाला असतो, जिथून पाणी वाहतं तिथे, आणि तो हातोडीचं टोक लावल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या राज्यांत हेच कसं झालं याचा अंदाज यावा म्हणून दोन-तीन दाखले देतो. आयोवात लहान गावांना मुख्य रस्त्याशी जोडणारे कितीतरी आखूड राज्य मार्ग होते. १ जुलै २००३ ला राज्याने एका दमात सुमारे ७०० मैल काउंट्यांना आणि शहरांना दिले. नकाशावरचे क्रमांक एका रात्रीत गेले, त्यात असे तुकडे पुष्कळ होते. मिनेसोटात गाडी कायद्याशी अडते. १९२० च्या घटनादुरुस्तीत ७० मार्ग गावांच्या नावांसकट राज्यघटनेतच लिहिले गेले. पुढचे मार्ग विधिमंडळाने कायद्याने वाढवले, म्हणून त्यातला एखादा वगळायचा तर विधिमंडळालाच ओळ खोडावी लागते. सरकारी रुग्णालयं, तुरुंग आणि शाळा यांच्या दारापर्यंत जाणारे २९० च्या आसपासच्या क्रमांकाचे अगदी आखूड मार्ग तिथे होते, संस्था बंद झाल्या तसे त्यातले काही गेले. नॉर्थ कॅरोलायनाने मात्र १९३१ मध्ये मिशिगनच्या अगदी उलट केलं. मिशिगन टाउनशिपचे रस्ते काउंट्यांना देत होतं त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनाने काउंट्यांचे सगळे रस्ते राज्याकडे घेतले, आणि आजही तिथे काउंटीचे रस्ते असा प्रकार नाही. तिथला ग्लेन हेवन आजही राज्याच्याच रस्त्यावर असता, फक्त नकाशावर तो ठळक दिसला नसता. म्हणून एखादा रस्ता "राज्याचा" आहे असं वाचलं की आधी राज्य कुठलं ते बघावं.

आता तुमच्या सालाचा प्रश्न. १९९५ की १९९६, हा घोळ जवळजवळ प्रत्येक रद्द झालेल्या रस्त्याच्या बाबतीत असतो आणि त्याचं कारण बहुतेक वेळा कुणाची चूक नसते. एका रस्त्याला तीन तारखा असतात. पहिली, करारावर ताबा बदलल्याची. दुसरी, माणूस शिडी घेऊन पाटी उतरवायला आला ती. तिसरी, छापील नकाशातून क्रमांक गेला ती. शरद ऋतूत करार झाला, पाट्या बर्फ वितळल्यावर काढल्या आणि नकाशा त्याच्या पुढच्या आवृत्तीत सुधारला, असं सहज होतं. मग ज्याने करार पाहिला तो एक साल सांगतो, ज्याच्या हातात नकाशा आहे तो दुसरं. दोघांच्या हातात खरा कागद असतो. कायद्याच्या दृष्टीने पहिली तारीख धरायची. गावातल्या माणसाला विचाराल तर तो दुसरी सांगेल, कारण त्याने पाटी जाताना पाहिली.

सुरुवातीच्या सालाचंही तसंच. जुन्या नकाशात रस्ता पहिल्यांदा दिसला ते साल म्हणजे रस्त्याचं साल धरू नका. मिशिगनच्या खात्याने १९३० च्या दशकात वर्षातून अनेकदा नकाशे काढले आणि त्यावर महिना-तारीख छापली, ही अभ्यासकांची मोठी सोय आहे. दोन लागोपाठच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की बदल कुठल्या महिन्यांमध्ये झाला ते कळतं. तरीही त्यातून मिळते ती कडेची मर्यादाच. नेमकी तारीख रस्त्याच्या हद्दीच्या नकाशांवर असते. ह्या लांब पट्ट्यांवर प्रत्येक तुकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा कधी राज्याकडे आला आणि कधी गेला. मिशिगनच्या परिवहन खात्याचे असे नकाशे आता ऑनलाइन बघता येतात. काउंटीच्या बाजूने बघायचं तर ५१ क्रमांकाच्या कायद्याखाली दर वर्षी काउंटी आपल्या रस्त्यांचा प्रमाणित नकाशा सादर करते. ज्या वर्षीच्या नकाशात ग्लेन हेवनचा तुकडा काउंटीच्या रंगात आला, ते वर्ष पकडा आणि त्याच्या आदल्या बारा महिन्यांतली रोड कमिशनच्या सभेची इतिवृत्तं वाचा. ठराव तिथे असतो. बहुतेकदा दोन ओळींचा.

पुन्हा तिकडे जाल तेव्हा दक्षिणेकडून, डून क्लाइंबच्या बाजूने या. वाळूची ती मोठी उतरण डावीकडे ठेवून एम-१०९ उत्तरेला येतो आणि ग्लेन हेवनच्या जवळ उजवीकडे ग्लेन आर्बरच्या दिशेने वळतो. तुम्ही वळू नका. सरळ समोर जाणारा रस्ता तोच. गाडी कडेला लावा आणि चौकात खाली बघा. राज्य आपल्या मार्गाचं डांबर वळणाबरोबर नेतं आणि काउंटीचं डांबर तिथून पुढे सुरू होतं, त्यामुळे अशा चौकात बहुतेक वेळा आडवा जोड दिसतो. दोन्हीकडची खडी वेगळी, रंग वेगळा, साइडपट्टीची रुंदीही वेगळी. मग चालत टोकापर्यंत जा. दुकान, लोहारशाळा, कारखान्याची इमारत ओलांडली की समोर पाणी आणि पलीकडे मॅनिटू बेटं. धक्क्याचे लाकडी खांब पाण्यात होते त्या दिशेला तोंड करून उभे राहिलात की रस्ता तुमच्या पाठीशी असेल, जसा तो गावाच्या पाठीशी होता.